उलट मॅडमचा बडग्या

कुणी आपल्याशी सहमत झालं, की उलट मॅडमचा चेहरा पडायचा. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना हे नाव आमच्या कॉलनीतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि त्यांनी ते मोठ्या आनंदानं लावून घेतलं होतं. भर मे महिन्यात, नागपुरात, 'आज ऊन फार आहे' म्हटलं तरी त्या विचारायच्या, "फार म्हणजे कोणाले फार?"

एकदा पोरांनी त्यांच्या अंगणातलं जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड ओरबाडलं. एक पेरू शिल्लक ठेवला नाही. सोसायटीचे सचिव धावत आले. "चोरी वाईट असते, समजत नाही काय रे?" मॅडमनी त्यांनाच अडवलं. "थांबा गा. चोरी वाईट, हे कोणं ठरवलं? ज्याच्यापाशी झाड होतं त्यानंच ना?" आणि त्यांनी झाड पोरांना देऊन टाकलं, पाणी घालायच्या कामासकट. पुढच्या बहराला शेजारच्या गल्लीतली पोरं कुंपणावर चढली, तर आमचीच पोरं 'चोरी पाप आहे' म्हणत काठ्या घेऊन धावली. मॅडम टाळ्या वाजवत ओरडल्या, "पाहा, पाहा, नीती जन्माले आली!"

मग त्या न्हाणीघरात पडल्या, हाती वॉकर आला, आणि सगळी कॉलनी एकदम गोड झाली. सचिव तर 'होय मॅडम'च्या पुढे बोलेनात. मॅडम वाळत चालल्या. दुखतंय का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "कोणी भांडत नाही गा माह्याशी. दया कराले माणसाले पहिले वर चढावं लागते. मले मैत्री पाहिजे, एका जमिनीवर उभं राहून भांडणारी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत नावाच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, आणि नकोशा गोष्टींचे पुतळे करून, म्हणजे बडगे करून, मिरवत नेऊन जाळतात. त्या वर्षी मॅडमनी पोरांकडून एक बडग्या करवून घेतला. मान स्प्रिंगवर डुलणारी, गळ्यात पाटी 'होय मॅडम', आणि मिशा हुबेहूब सचिवांच्या. सचिव लालबुंद होऊन आले.

"हे साफ चूक आहे मॅडम! आम्ही तुमची काळजी करून राहिलो, अन् तुम्ही आमचाच बडग्या जाळून राहिल्या?"

"बसा. चूक कशी, ते सांगा."

तासभर दोघांची जुंपली. त्या दिवशी मॅडम दोन घास जास्त जेवल्या.

यंदाच्या थंडीत त्या गेल्या. शोकसभेत सचिव डोळे पुसत म्हणाले, "फार दयाळू होत्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते सहन होईना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक."

सचिवांनी रुमाल खिशात कोंबला. "काहून चूक? सिद्ध करून दाखवा!"

आम्ही भांडलो, भांडता भांडता रडलो, आणि शेवटी एकमत न होताच दोन मिनिटं शांत उभे राहिलो. मॅडम असत्या तर त्यांनी तेवढीही शांतता टिकू दिली नसती.