न गळणारी टाकी

फोन आला तेव्हा मी ताईच्या कपाळाला कुंकू लावत होते. संक्रांतीनंतरचं हळदीकुंकू, बडोद्यात गोत्री भागातल्या आमच्या लहानशा हॉलमध्ये बायकांची गर्दी, आणि ताईच्या पर्समध्ये फोन वाजतच राहिलेला. शेवटी तिनं वैतागून उचलला. समा भागात ताईच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या पटेलबेन होत्या. घाबरल्यामुळे इतक्या मोठ्यानं बोलत होत्या की मलाही ऐकू आलं. "बेन, जल्दी आवो ने! विलासभाई बारणुं नथी खोलता." दार उघडत नाहीत म्हणे. ताईच्या दुसऱ्या हातात तिळगूळ होता. तिनं एवढंच विचारलं, "वास आवे छे?" पटेलबेनचं उत्तर मला ऐकू आलं नाही, पण ताईचा चेहरा बघितला आणि मी चपला शोधायला लागले.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे विलासभावोजी, त्या दुपारी गेले. त्याला महिना उलटून गेला, तरी मला अजून त्यांचा राग येतो. रागाशिवाय त्यांच्याबद्दल लिहिता येईल म्हणून थांबले होते, पण ते काही जमायचं नाही असं दिसतंय.

भावोजींची सगळी नोकरी बडोद्याबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात गेली. सांगलीकडचा माणूस, पण इथे आल्यावर असे मुरले की रागावले तरी "जवा दे ने", जाऊ दे, म्हणूनच रागवायचे. कारखान्यातल्या त्या पिढीच्या लोकांना एका गोष्टीचा अभिमान असायचा, नाकाचा. कुठल्या नळीतून काय झिरपतंय ते आम्ही वासावरून सांगतो, असं ते आणि त्यांचे मित्र रंगात येऊन सांगायचे. "मेव्हणीबाई, मीटर खोटं बोलतं, नाक नाही," असं त्यांनी मला कितीदा तरी ऐकवलं असेल. वास आला की बाहेर यायचं, येत नाही तोवर काम करायचं, हा त्यांचा साधा नियम. आयुष्यभर तो त्यांना पुरला होता...

निवृत्तीनंतरची एक सकाळ मला आठवते. मी ताईकडचा जिना चढत होते तेव्हाच करपल्याचा वास आला. वर जाऊन पाहते तर गॅसवर दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलेलं, स्वयंपाकघरात धूर, आणि तिथेच टेबलाशी भावोजी शांतपणे पेपर वाचत बसलेले. मला बघून म्हणाले, "या या, चहा टाकतो." मी म्हटलं, "भावोजी, नाक आहे की नुसतं चष्मा ठेवायला?" ते हसले, मीही हसले. ताई मात्र हसली नाही. ती पातेलं नळाखाली धरून उभी राहिली आणि नंतर हळूच मला म्हणाली, "गेल्या वर्षी गॅस उघडा राहिला होता, तेव्हाही यांना कळलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवा म्हटलं तर म्हणतात, मला सर्दी आहे." ती सर्दी कधीच गेली नाही.

मग माशांचं वेड आलं. फतेगंजच्या एका बोर्ड रंगवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून भावोजींनी ॲक्रिलिकच्या जाड शीट मिळवल्या आणि टाकी घरीच करायची ठरवली. दुकानदारानं सांधे जोडायला सिलिकॉन दिलं, कारण काचेच्या टाक्यांना तेच लावतात. टाकी उभी राहिली, भरली, आणि काही दिवसांतच एका कोपऱ्यातलं सिलिकॉन सालीसारखं सुटून आलं. "भाई, उपरथी पाणी टपके छे!" असं ओरडत पटेलबेन वर आल्या तेव्हा भावोजी जमिनीवर बसून तडफडणारे मासे बादलीत टाकत होते. एवढे ओशाळलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यानंतर त्यांनी ध्यासच घेतला. सिलिकॉन ॲक्रिलिकला नुसतं चिकटून राहतं, त्याला धरत नाही, हे त्यांनी मला दहा वेळा समजावलं. खरा जोड हवा तर ॲक्रिलिक विरघळवणारं द्रव लागतं. पाण्यासारखं पातळ, इंजेक्शनच्या सुईनं फटीत सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जातं, दोन्ही कडा विरघळून एकच होतात. "मग जोड राहतच नाही," ते म्हणायचे, आणि त्यांचे डोळे चमकायचे.

पण त्या द्रवाचे नखरे फार. पावसाळी दमट हवेत जोड पांढरट पडतो, म्हणून हिवाळ्यापर्यंत थांबायचं. पंखा लावला तर ते फटीत शिरण्याआधीच उडून जातं. खिडकी उघडली तर धूळ. म्हणून मागची छोटी खोली, दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. बाटलीवर मोकळ्या हवेत वापरा असं लिहिलेलं होतं, ते ताईनं वाचून दाखवलं. "लिहितात ते नवशिक्यांसाठी," भावोजी म्हणाले, "आम्ही यातच म्हातारे झालो." मग ताईनंच एक सोय केली. ते आत काम करणार, ती बाहेर खुर्ची टाकून भाजी निवडत बसणार, आणि दाराच्या फटीतून वास आला की कडी वाजवणार. कडी वाजली की ते कुरकुरत बाहेर यायचे. "अजून तर काहीच वास नाही, उगाच घाई करतेस!" ताई तोंडाला पदर लावून उभी असायची, डोळ्यांतून पाणी येत असायचं, आणि ते तिला असं म्हणायचे.

हळदीकुंकवाच्या त्या दिवशी एकच जोड राहिला होता. तू आल्याशिवाय हात लावत नाही, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. भावोजी भिंतीला टेकून पाटावर बसलेले होते, चष्मा जागच्या जागी. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. ते खरंही असेल, मी डॉक्टर नाही. पण मी त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा माझं डोकं गरगरलं, हे मला माहीत आहे. जोड मात्र पुरा झालेला होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

दहाबारा दिवसांपूर्वी गेले तर ताईनं टाकी भरली होती. मासे नाहीत, नुसतं पाणी. ती शेजारी पाटावर बसली होती, दार लोटून, खिडकी बंद करून. "हात लावून बघ," म्हणाली. मी बोट फिरवलं. कुठे एक बुडबुडा नाही, थेंब नाही. मला मनापासून वाटत होतं, गळावी. एवढी तरी चूक त्यांची निघावी. टाकीखाली त्या द्रवाची अर्धी बाटली होती, बूच नुसतं टेकवलेलं. मी उचलायला वाकले तर ताईनं माझं मनगट धरलं, इतक्या जोरात की मला ते सोडवता येईना. "त्यांनी ठेवलीय तशी राहू दे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, अगदी साधेपणानं तिनं विचारलं, "अजून वास येतो का गं इथे? मला तर आता येत नाही..."

मला तो जिन्यातच आला होता.

मी उठून खिडकी उघडली. "धूळ बसेल गं टाकीवर," ताई म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी गोत्रीहून समाला जाते आणि ती खिडकी उघडते. रोज मला ती बंदच सापडते.