आवाज म्हणजे बिघाड

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची पत त्याची लिफ्ट किती गप्प राहते यावर ठरते. त्या हिशेबाने वंगणमामाला तोड नव्हती. खिशात कायम तेलाची कुपी, म्हणून हे नाव. ‘आवाज म्हणजे बिघाड’ हे त्याचं ब्रीद, आणि ते लिफ्टपुरतं राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण पोरगी ड्रम वाजवायला लागली आणि मामाने तोच नियम तिलाही लावला. उठता-बसता एकच पालुपद, बंद कर. शेवटी तिने ड्रम उचलले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. घर शांत झालं. बिघाड गेला. मामाला मात्र घास गोड लागेना.

रविवारी ती यायची, आईशी बोलायची, खांद्यावरची पिशवीही न उतरवता निघून जायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, आमच्या ग्रुपचा गिटारवाला सोडून गेला, सगळं अडलंय. मामाने ते स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पन्नाशीचा हा गृहस्थ वाद्यांच्या दुकानात हजर.

शिकाऊ माणूस दिसला की दुकानदाराला देव पावतो. इलेक्ट्रिक गिटार एक, पण तिच्यामागे सगळी वरात: आवाज मोठा करणारं अँप, केबल, पट्टा, स्टँड, शिवाय पायाने दाबायचा एक डबा, जो दाबला की म्हणे माणूस गुहेत वाजवतोय असं वाटतं. मामाला अजून खोलीतही वाजवता येत नव्हतं. तरी त्याने तो घेतला. बायको एवढंच म्हणाली, “नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. तुम्ही आधी अंगणच बांधून घेतलंत.”

मोबाईलवर बघून तो शिकला. बोटांची सालपटं निघाली, पण तीन कॉर्ड बसले. मग बायकोकरवी पोरीला निरोप गेला: येत्या रविवारी ऐकून जा, जमलं तर तुमच्या तालमीत घ्या.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं. अँप गुणगुणायचं. तारा दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना घासून खरखरायच्या. सगळे गिटारवाले त्याच आवाजावर जगतात, पण मामाच्या कानाला तो सहन होईना. त्याने पाना काढला. तारा उचलून घेतल्या, खाली स्पंजची पट्टी कोंबली, वर दोन थेंब तेल सोडलं. एवढी मेहनत बोटांवर घेतली असती तर तो पुढारी झाला असता त्या ग्रुपचा. शनिवारपर्यंत गिटार त्याच्या लिफ्टसारखी झाली. चकचकीत आणि मुकी.

रविवारी पोरगी समोर बसली. मामाने हात फिरवला. टप. टप. टप.

तिने वाकून पाहिलं, तारांखालचा स्पंज चिमटीत धरून ओढला.

“हे काय, बाबा?”

“खरखरत होती. बंद केली.”

तिने स्पंज त्याच्यासमोर टाकला. मग म्हणाली, “तुम्हाला बंद करण्याशिवाय काही येतं का?” आणि पिशवी उचलून दाराकडे निघाली.

समजवायला जीभ चालवणाऱ्यातला मामा नव्हता. त्याने पाना घेतला, तारा होत्या तशा खाली आणल्या, सदऱ्याच्या टोकाने तेल पुसलं, अँपचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गिटार भुंकली. खिडकीची काच थरथरली. पहिला कॉर्ड बरा, दुसरा बरा, तिसरा साफ चुकला. मामाचा हात सवयीने पान्याकडे गेला.

“थांबायचं नाही,” दारातून ती म्हणाली. “चुकलं तरी पुढे जायचं.”

पिशवी खाली टेकली होती. तिची बोटं दाराच्या फळीवर ठेका धरत होती. मामाने डोळे मिटले आणि खरखरीसकट, गुणगुणीसकट पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात बेल वाजली. बायको बाहेरचं दार उघडून आली, चेहऱ्यावर हसू दाबत. “खालचे काका आलेत. विचारतायत, लिफ्टमध्ये काही बिघाड झालाय का?”

“सांग त्यांना,” मामा हात न थांबवता म्हणाला, “दुरुस्ती चालू आहे.”