आधी माणूस उतरवा: करकरणाऱ्या सायकलवर चंद्रपूर ते ब्रह्मपुरी

सायकल विकायचीच होती. ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजातल्या सरांनी फोटो बघून घेतोच म्हणून सांगितलं होतं आणि टेम्पोत टाकून ती दुसऱ्या दिवशी पोहोचलीही असती. पण टेम्पोवाल्याचा फोन आला तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "नको, मी चालवत नेते."

का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "सरळ मूलवरून?"

"नाही. गोंडपिपरी, चामोर्शी, गडचिरोली करून."

"हा तर उलटा वळसा आहे."

"असू दे."

"डोकं न काढता" असं मी म्हणाले खरं, पण त्याला डोकं फारसं हलवताही येत नाही. गेल्या वर्षी मानेच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी खाली वळलेल्या हँडलवर वाकायला कायमची बंदी घातली. तेव्हापासून त्याची निळी रोड बाईक हॉलच्या भिंतीला टेकून उभी होती. सहा वर्षं रोज पहाटे तो तिच्यावर आणि मी माझ्या साध्या गिअरच्या सायकलवर, असे बल्लारपूर रस्त्याला जायचो. तो पुढे, मी मागे. तिच्यावर मी कधी बसले नव्हते. जाता जाता एकदा बसावं, एवढंच असेल कदाचित. डिसेंबर होता, धान कापून झाले होते, मला चार दिवस सुट्टी होती. आदल्या संध्याकाळी सीटचा दांडा सैल करून, पाय जमिनीला टेकतील इतका खाली ठोकला आणि निघाले.

पहिला दिवस: चंद्रपूर ते गोंडपिपरी

हा रस्ता चालवायचा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऊन वर आल्याशिवाय निघू नका आणि चारच्या आत मुक्कामाला पोहोचा. कोठारीनंतर दोन्ही बाजूंना जंगल आहे आणि वाघ सायकलला गाडी समजत नाही. बल्लारपुरात आलुबोंडा-रस्सा खाऊन घ्या. पुढे दोन तास धड काही मिळत नाही.

कोठारीच्या अलीकडे चाक बसलं. टायरमध्ये तारेचा बारीक तुकडा. पंक्चर काढणं मला येतं. एकच सांगते, नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा. मी फिरवलं नाही. तार आतच होती. तिने दुसरी ट्यूबही फोडली आणि मग ठिगळं लावत बसले.

पुढच्या चढावर चेन मोठ्या चकतीवर चढेना. गिअरच्या वायरच्या टोकाला एक बारीक घुंडी असते, ती थोडी फिरवली की चेन वळणावर येते. मी फिरवली, चेन आणखी हट्टाला पेटली. अर्धा तास गेल्यावर कळलं की मी उलटी फिरवत होते. घड्याळाच्या विरुद्ध फिरवायची, एका वेळी पाव फेरा.

आणि मग तो आवाज सुरू झाला. कर्र. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. कोरड्या फांदीवर फांदी घासावी तसा. थांबले की बंद. खाली उतरून पायडल हाताने फिरवलं, तर काहीच नाही. बसले की कर्र.

विलासला फोन लावला.

"माझ्याकडे असताना ती कधीच आवाज करत नव्हती," तो म्हणाला.

वाक्य साधंच होतं. पण मला उगीच लागलं.

"मग माझ्याकडेच का करते?"

"खालचं बेअरिंग असेल, पायडलच्या मधलं. सरांना द्यायच्या आधी बघून घे. करकरती सायकल कोण घेईल?"

गोंडपिपरीच्या बाजारात सायकलचं एक जुनं दुकान सापडलं. मालक रशीदभाई साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, कानाला चष्म्याऐवजी पेन्सिल. मी त्यांना म्हटलं, बहुतेक पायडल ढिलं आहे, मीच वाटेत आवळलंय. त्यांनी डावं पायडल हलवून बघितलं. ते हातातच आलं.

"तुमी आवळलं का खोललं हे?"

"आवळलंच."

"डावा पायडल उलटा राह्यते बाई. सारी दुनिया उजवीकडे आवळते, हा डावीकडे. तुमी दहा किलोमीटर त्याले खोलत आल्या." ते मनापासून हसले. मग सायकलकडे बघून गंभीर झाले. "याच्या बेअरिंगचं औजार माझ्याजवळ नाई. आमच्या सायकलींमधी हे राहातच नाई. पण एक बोलू का? बेअरिंग नाई वाटत मले. फिरून तर लोण्यासारखं राह्यलं."

"मग आवाज कुठून येतो?"

"तेच तर समजून नाई राह्यलं."

त्यांनी पायडल बसवलं, चेन पुसून दोन थेंब तेल दिलं, हवा भरली. मी त्यांच्या दुकानापासून लॉजपर्यंत गेले. कर्र, कर्र, कर्र. लॉज साधा, स्वच्छ, सहाशे रुपये. खालच्या खानावळीत भात, लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाजी. जेवताना गुडघ्याच्या वाटीपुढे दुखत होतं. आता बिघाड सायकलमध्ये आहे की माझ्यात, याचाही हिशेब लागेना.

दुसरा दिवस: गोंडपिपरी ते गडचिरोली

वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं. नदीतली वाळू दिसत होती, पाणी दिसत नव्हतं. आष्टी ओलांडली की रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक लागतात. सगळी झाडं कमरेपर्यंत लाल. तोंडाला रुमाल बांधा आणि ट्रक मागून आला की कच्च्यावर उतरा, मानापमानाचा प्रश्न करू नका. खड्डे चुकवण्यात एवढं लक्ष जातं की दुसरं काही सुचू नये. पण आवाज ऐकू येतच होता. मी मनात यादी करत होते: पायडल झालं, चेन झाली, चाकाच्या तारा हाताने दाबून बघितल्या, हँडलचे बोल्ट आवळले. प्रत्येक गोष्टीनंतर वाटायचं, गेला. आणि पन्नास फुटांवर, कर्र.

चामोर्शीच्या अलीकडे रस्त्यालगतच्या बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, एक जोडपं बैलबंडीत धान भरत होतं. मी सावलीला थांबले. बाईंनी आधी मला पाणी दिलं, मग चौकशी सुरू केली.

"एकटीच काऊन?"

"सायकल पोचवायला चालले. ब्रह्मपुरीला."

"अवो माय! ब्रह्मपुरीले सायकलनं? मोटर नाई भेटली तुले?"

त्यांचे यजमान, मारोतीभाऊ, बंडीवरून सायकलकडे बघत होते. "मघा आली तवा करकरत होती ना?"

"दोन दिवस झाले. सगळं आवळून बघितलं."

"सारं एकदमच आवळलं?"

"हो."

"मग कसं समजंन?" ते खाली उतरले. "बंडी करकरली का आमी सारं सोडत नाई. आधी माणूस उतरवतो. खाली चालत ऐकतो. आवाज गेला, तं माणूस बसला होता ते फळी. नाई गेला, तं मग धान उतरवतो. मग बैल सोडतो, हातानं ढकलतो. अखरीले चाक. तुमी उतरून ऐकलं काय?"

"उतरलं की चाकच फिरत नाही ना तसं."

"ढकला."

मी सायकल हाताने ढकलत वीस पावलं नेली. काही नाही.

"आता चढा, पन बसू नोका."

पायडलवर उभी राहून चालवली. सगळा भार पायांवर. बेअरिंगचा दोष असता तर आत्ता किंचाळली असती. काही नाही. रस्ता एकदम एवढा शांत झाला की मला बांधीतल्या साळुंक्या ऐकू आल्या.

"आता बसा."

कर्र.

"फळी!" मारोतीभाऊ ओरडले, जणू स्वतःचीच बंडी सापडली होती. "चाक बरोबर हाय. तुमी बसल्या ते बरोबर नाई."

"पाहा, सांगतेत कसे," बाई म्हणाल्या. "मले तं तीस वर्षं झाले, बंडी करकरली का पयले मलेच उतरवते हा माणूस."

"तू उतरली का आवाज जाते, त्याले मी काय करू!"

सीटचा दांडा खाली ठोकताना मी तो पुसला नव्हता. सहा वर्षं बाहेर राहिलेला भाग, त्यावरची धूळ, घाम, सगळं तसंच नळीत कोंबलं होतं. कोरड्यावर कोरडं. मी ॲलन की काढली, टाचेनं टेकू देत दांडा पूर्ण बाहेर ओढला. बाईंनी फडक्याने तो पुसला. मारोतीभाऊंनी बंडीखाली टांगलेल्या डब्यातलं काळं ग्रीस बोटावर घेऊन पातळसं लावलं. "जास्त नाई. भाकरीले तूप लावतो तेवढं."

वर लागलेलं ग्रीस पुसताना बाईंचं बोट थांबलं. "हे दोन रेघा कायच्या?"

दांड्यावर खिळ्याने मारलेल्या दोन आडव्या रेघा होत्या. खालची मला ठाऊक होती, ती विलासच्या उंचीची. दुसरी तिच्या चार बोटं वर, सीटच्या जवळ. औजारांच्या पिशवीचा पट्टा नेहमी बरोबर तिथेच असायचा, म्हणून कधी दिसली नव्हती; निघायच्या आदल्या संध्याकाळी तो वर सरकवला, तेव्हा अंधारात लक्ष गेलं नाही. मी अंदाजाने दांडा त्याही पलीकडे आत घातला होता. एका बोटाने.

म्हणजे माझी सीट असायला हवी होती त्यापेक्षा बोटभर खाली होती. सीट खाली असली की गुडघा पुढून दुखतो, हे विलासनेच मला कधीतरी सांगितलं होतं.

मी दांडा त्या रेघेवर आवळला आणि बसले. पाय पायडलच्या तळाशी अगदी किंचित वाकलेला राहिला, जसा राहायला हवा. ही रेघ दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

मारोतीभाऊंनी काही घेतलं नाही. बाईंनी पिशवीत मुठभर मुरमुरे कोंबले. चामोर्शीपर्यंत आणि तिथून गडचिरोलीपर्यंत सायकलने चकार शब्द काढला नाही. मला मात्र चैन पडेना. कधी मारली ही रेघ? आणि मारली होती तर विकायला का काढली?

संध्याकाळी गडचिरोलीहून फोन केला.

"आवाज गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"मग सरांना आवडेल."

मला रेघेबद्दल विचारायचं होतं. मी आरमोरीच्या रस्त्याबद्दल विचारलं.

तिसरा दिवस: गडचिरोली ते ब्रह्मपुरी

आरमोरीपर्यंतचा रस्ता सुरेख आहे, जंगल आणि मधेच मोकळ्या बांध्या, आणि टपरीवरचे तर्री-पोहे घाम काढतील इतके तिखट. मी तो रस्ता कसा चालवला ते सांगता येत नाही. सायकल नुसती पळत होती. प्रत्येक गावाच्या पाटीला वाटत होतं, ब्रह्मपुरी आणखी थोडी लांब असती तर बरं झालं असतं.

सरांच्या घराच्या गल्लीत वळले आणि फाटकाच्या आधीच थांबले. फोन लावला.

"विलास, दांड्यावर दुसरी रेघ आहे."

पलीकडे वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला.

"माझी आहे ना?"

"हो. दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात. तुझ्या सायकलवरून माप घेतलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होतो. त्याच दिवशी तू म्हणालीस, किती दिवस भिंतीला ठेवायची ही. मला वाटलं, तुला नको आहे."

मी म्हणाले होते. पण ती भिंतीला बघून त्याचा चेहरा रोज पडायचा, ते मला बघवत नव्हतं म्हणून म्हणाले होते. वर्षभर आम्ही दोघांनी सगळं एकदम आवळून ठेवलं होतं.

"तुला विकायची आहे का?" मी विचारलं.

"मला नाही. तुला?"

"मला पण नाही रे."

"मग सरांना काय सांगशील?"

मी फोन खिशात टाकला आणि फाटक ढकललं.

सर अंगणातच उभे होते. व्हरांड्यात सायकलसाठी नवा स्टँड लावलेला, खिळ्याला नवं हेल्मेट. त्यांच्या बाईंनी बशीत सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आणल्या. मी चहाचा पहिला घोट घेण्याआधी सांगून टाकलं, कारण नंतर जमलं नसतं.

सर स्टँडकडे वळले. "फोन तर करा लागत होता ना मॅडम. मी आज सुट्टी टाकली."

"आत्ता फाटकापाशी ठरलं. खरंच."

"फाटकापाशी ठरलं म्हणते," ते बाईंना म्हणाले. बाई म्हणाल्या, "वडी तरी खाऊ द्या त्याईले." मी दोन वड्या खाल्ल्या. चव आठवत नाही. निघताना सर फाटकापर्यंत आले, पण हात हलवला नाही. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

परत

नागभीड, मूल करत जीप बदलत चंद्रपूरला आले, सायकल टपावर दोरांनी बांधून. जमलं तर असं करू नका. दोराने मागचा गिअर ओढला गेला आणि घरी पोहोचेपर्यंत चेन टिकटिकायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विलास गॅलरीत खुर्ची टाकून बसला, मानेला पट्टा. त्याला वाकता येत नाही, म्हणून मी खाली फरशीवर. त्याने दांड्याकडे बघितलं. रेघ नळीच्या काठाला बरोबर टेकली होती.

सरांचा रिकामा स्टँड मला अजून दिसतो. खिळ्यावरचं हेल्मेटही. सायकल ठेवली ती माझ्यासाठी की विलासच्या चेहऱ्यासाठी, हे उतरून, ढकलून, उभं राहून सगळ्या तऱ्हेने तपासलं. काहीच हाती लागलं नाही.

"आवाज कुठल्या गिअरला येतो?" विलासने विचारलं.

"तिसऱ्या."

"घुंडी पाव फेरा दे."

मी दिला. टिकटिक वाढली.

"उलटा," तो म्हणाला, आणि खुर्ची थोडी जवळ ओढली.