हिरवळीवर तोफ असलेलं कोर्ट

“रेकॉर्ड नाही,” मी म्हणालो आणि स्क्रीन मेधाताईंकडे वळवली. “पार जुन्या वर्षांपर्यंत बघितलं. तुमच्या भावाच्या नावाने त्या कोर्टात काहीच नाही.”

मेधाताई स्क्रीनकडे बघत राहिल्या. “पण सतीश स्वतः म्हणाला होता हो. सगळं करून ठेवलंय, कोर्टात आहे, तू काळजी करू नकोस. अगदी शेवटी शेवटी म्हणाला.”

“ताई, आजारी माणूस बोलतो तसं. मनात असतं, राहून जातं. त्यांनी काही केलेलं दिसत नाही.”

आमच्या ऑफिसात वॉटर कूलरशेजारी एक सोफा आहे. तिथे त्यांची भाची ईरा बसली होती. अकरा वर्षांची. कागदी पेल्यांचा मनोरा रचत होती. मी बोललो तेव्हा तिचा हात थांबला नाही, म्हणून मी धरून चाललो की तिचं लक्ष नाही.

ही हकिगत मी पुष्कळदा सांगितली आहे. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळींत तर मला दर गणपतीत कुणीतरी आग्रह करून सांगायला लावतं. दर वेळी मी रेकॉर्ड सापडलं तिथून सुरुवात करायचो. सोफ्याचा भाग गाळायचो. आज तो गाळत नाही.

आधी माझं काम सांगतो. मी दोह्यात ट्रान्सलेशन आणि अटेस्टेशनच्या ऑफिसात आहे. अटेस्टेशन म्हणजे एका देशातला कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून त्यावर एकामागून एक शिक्के मिळवणं. इथे येण्याआधी मी साताऱ्याला एका वकिलांकडे कारकून होतो. कोर्टातली जुनी प्रकरणं शोधून नकला काढणं हेच माझं काम होतं. त्यामुळे ऑफिसात परदेशातल्या कोर्टाचं काही आलं की फाइल माझ्या टेबलावर येते.

मेधाताई इथल्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांचे मिस्टर रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. भाऊ सतीश अमेरिकेत टेक्सासला होता. त्याची बायको आधीच गेलेली, मग तोही आजारात गेला. मागे राहिली ईरा. आत्या तिला घेऊन दोह्याला आली. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आईबाप नाहीत, सख्खी आत्या आहे, मूल आत्याकडे.

पण इथल्या काउंटरवर आत्या म्हणजे काय हे कागदाने सांगावं लागतं. ईरा व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला कायम राहायचं तर रेसिडेन्सी हवी, आणि त्यासाठी मेधाताई तिच्या कायदेशीर पालक आहेत असा कोर्टाचा कागद हवा. तो नसेल तर व्हिसा संपला की ईराला कतार सोडावं लागणार. आजी-आजोबा कुणी उरले नव्हते. मेधाताईंनी पाचगणीच्या एका हॉस्टेलला अर्ज करून ठेवला होता. त्या अर्जाबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली जायचा.

अमेरिकेत मृत्युपत्र आणि पालकत्वाची कामं प्रोबेट कोर्ट बघतं, आणि ते दर काउंटीचं वेगळं. काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिथली पद्धत आपल्याला चमत्कारिक वाटेल. गेलेल्या माणसाची केस कुणीही उघडून वाचू शकतं. काउंटीच्या वेबसाइटवर नाव टाकायचं, केस नंबर मिळतो, नक्कल मागवायची. मी नाव टाकलं, आडनाव पुढेमागे करून बघितलं, काही आलं नाही. तासाभराचं काम. लेटरहेडवर ‘नो रेकॉर्ड’ असं लिहून दिलं आणि फाइल बंद केली.

दोन दिवसांनी मेधाताईंचा फोन आला.

“शिंदेसाहेब, एक विचारू? तुम्ही नीट बघितलं होतं ना?”

“बघितलं होतं. का हो?”

“ईरा जेवत नाहीये. काल मला विचारलं, डिड बाबा लाय?”

मला पटकन कळलं नाही. “तिला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच.”

“पण मी तर मराठीत...”

“तिला सगळं कळतं हो. उत्तर इंग्रजीत देते, एवढंच.”

माझ्या घरी माझा मुलगा तेच करतो. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि मला वर्षानुवर्षं ठाऊक आहे की त्याला शब्द न् शब्द कळतो. परक्याच्या मुलीच्या वेळी ते मला आठवलं नाही. वडील जाऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि एका अनोळखी काकाने ऑफिसात बसून तिला सांगितलं होतं की त्यांनी तुझ्यासाठी काही केलं नाही. तेही लेटरहेडवर.

मी बॉसकडे गेलो. जोसेफ सर केरळचे, या धंद्यात माझ्या आधीपासून.

“सर, वो टेक्सास की फाइल फिर से खोलनी है.”

“शिंदे, वो फाइल तो खलास है ना? तूने ही बंद की.”

“नीट नहीं देखा, ऐसा लगता है.”

“लगता है?” त्यांनी चष्मा काढला. “क्लायंट ने कंप्लेंट किया?”

“नहीं.”

“तो फिर तुझे क्या तकलीफ है?”

मी फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवली. ते म्हणाले, “ठीक है, यल्ला,” म्हणजे चल, कर सुरू. “लेकिन अमेरिका का फोन ऑफिस से नहीं.”

क्लायंटच्या घरी जायचं नाही असा आमचा नियम. तरी शुक्रवारी मी अल दुहैलला मेधाताईंच्या घरी गेलो. शुक्रवार यासाठी, की आमचं ऑफिस बंद असतं आणि अमेरिकेतलं सुरू. इथे संध्याकाळ व्हायला लागली की टेक्सासचे काउंटर उघडतात.

ईरा डायनिंग टेबलाशी बसली होती. समोर पेन्सिलींचा पाउच. मी मराठीत बोललो, ती इंग्रजीत. तिचं बोलणं मी इथे मराठीतच देतो.

“ईरा, बाबा कोर्टाबद्दल तुझ्याशी कधी बोलले होते?”

“आता का विचारताय?”

“कारण आधी विचारायला हवं होतं.”

तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. “बोलले नव्हते. मला घेऊन गेले होते.”

मेधाताईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. “अगं, मग मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंच नाहीस. तू अंकलना विचारलंस.”

मग तिने सगळं सांगितलं. पिवळट दगडाची इमारत. पुढे हिरवळ, हिरवळीवर एक जुनी तोफ. वरचं घड्याळ बंद. दारातल्या सिक्युरिटीने तिच्या पाउचमधली कात्री काढून घेतली आणि जाताना परत दिली. काउंटरवर एक बाई, तिच्यापुढे पेपरमिंटची बरणी. बाबांनी एक लिफाफा दिला. बाईने तो चिकटवला, वर काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही असेपर्यंत हा कुणी उघडणार नाही.

“बाबा म्हणाले, मग काही घाई नाही. ती बाई हसली. मग आम्ही आइस्क्रीम खाल्लं.”

“त्यांना पावती मिळाली होती?”

“गाडीत ठेवली. गाडी विकली.”

“उंच इमारत होती? डाउनटाउनमध्ये?”

“नाही. सांगितलं ना, तोफ होती. डाउनटाउनमध्ये तोफ कशी असेल?”

मी बॅगेतून सतीशच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढली. टेक्सासच्या दाखल्यावर काउंटी दोन ठिकाणी असते. एक, मृत्यू कुठे झाला ती. दुसरी, माणूस राहायचा कुठे ती. हॉस्पिटल मोठ्या शहरातलं, मोठ्या काउंटीतलं. घर शहराच्या कडेला, शेजारच्या काउंटीत. पोस्टाचा पत्ता मात्र शहराचाच. आपल्याकडे पत्त्यावर पुणे असतं आणि सातबारा मुळशीचा असतो, तसं. आणि काम राहत्या ठिकाणच्या कोर्टात होतं. मी दाखल्यावरची पहिली काउंटी वाचली होती आणि तीच टाइप केली होती. साताऱ्यात हे मी केलं असतं तर वकीलसाहेबांनी मला दाराबाहेर उभं केलं असतं.

मी तो रकाना बोट ठेवून मेधाताईंना दाखवला. “चूक माझी आहे,” म्हणालो. ईराने वाकून रकाना वाचला.

त्याच टेबलावर मी शेजारच्या काउंटीची वेबसाइट उघडली. नाव टाकलं. काही नाही.

पण आता मला ठाऊक होतं, नसणारच. कारण ही केसच नव्हती. टेक्सासमध्ये जिवंत माणूस आपलं मृत्युपत्र बंद लिफाफ्यात काउंटी क्लार्ककडे ठेवायला देऊ शकतो. बँकेच्या लॉकरसारखं. माणूस असेपर्यंत केस नाही, केस नाही म्हणून नंबर नाही, नंबर नाही म्हणून कॉम्प्युटरवरही नाही. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. ते आठवायला अकरा वर्षांच्या मुलीची पेपरमिंटची बरणी लागली.

फोन मी आतल्या खोलीत जाऊन लावणार होतो. नाहीच निघालं तर? एकाच मुलीला तेच दुसऱ्यांदा सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. मी उठलो तशी ईरा म्हणाली, “स्पीकरवर लावा. तिथे मी गेले होते, तुम्ही नाही.”

मी स्पीकरवर लावला.

पलीकडे एक बाई आल्या. मी नाव सांगितलं. टाइप केल्याचा आवाज. “या नावाची केस नाही, सर.”

“केस नसेल, मॅडम. सेफकीपिंगसाठी ठेवलेलं मृत्युपत्र आहे.”

“अच्छा, ते.” त्यांचा सूर बदलला. “ते इथे दिसत नाही. ते व्हॉल्टमध्ये असतं, त्याचं रजिस्टर वेगळं. जाऊन बघावं लागेल. थांबता?”

“थांबतो.”

गिटारचं होल्ड म्युझिक लागलं. मेधाताईंनी उगीचच बशा एकात एक ठेवल्या. ईरा पाउचची झिप उघडत होती, लावत होती. मी दाखल्यावरचा तो दुसरा रकाना पुन्हा पुन्हा वाचत होतो.

म्युझिक थांबलं. “सर? आहे. लिफाफा माझ्या हातात आहे.”

मेधाताईंनी हातातली बशी खाली ठेवली.

“हॅलो? उघडता येणार नाही हं मला. आधी मृत्यूचा सर्टिफाइड दाखला पाठवा. पण वर लिहिलेलं वाचू शकते. माणूस गेल्यावर कुणाला कळवायचं, ते वर लिहून घेतो आम्ही. एम, ई, डी, एच, ए. मेधा. सिस्टर. दोहा, कतार.” त्या थांबल्या. “हे कुठे आलं, हनी?”

“इथे,” ईरा म्हणाली. “आम्ही इथेच आहोत.”

मग तिने विचारलं, काउंटरवर पेपरमिंटची बरणी असते का अजून. बाई म्हणाल्या, असते, आणि संपते पण लवकर. आपल्याला बरोबर ठिकाण सापडलंय, असं ईराने आम्हाला गंभीरपणे सांगितलं.

पुढचं काम माझ्या सवयीचं होतं आणि ते मी चोख केलं. हे सांगताना मी लाजत नाही. लिफाफा उघडला. ईराची पालक म्हणून सतीशने मेधाताईंनाच नेमलं होतं. तिथल्या वकिलाने केस दाखल केली. दाखल केल्याचा कागद दाखवल्यावर इथे व्हिसाची मुदत वाढवून मिळाली. मेधाताईंची शपथ व्हिडिओवर झाली, आणि कोर्टाने पालकत्वाचं पत्र दिलं. मग शिक्के. कतारला अमेरिकेतला साधा शिक्का चालत नाही, साखळी लागते. क्लार्कची सही खरी आहे हे राज्याने सांगायचं, राज्याची खरी आहे हे वॉशिंग्टनने, वॉशिंग्टनची खरी आहे हे कतारच्या तिथल्या एम्बसीने, आणि शेवटी इथल्या परराष्ट्र खात्याने. एक कडी चुकली की पहिल्यापासून. एकही कागद परत आला नाही. अरबी भाषांतर मी समोर बसून करून घेतलं. काउंटरवरच्या ऑफिसरने फाइल उलटून बघितली आणि म्हणाला, “तमाम,” म्हणजे सगळं ठीक. एवढ्या वर्षांत इतकी स्वच्छ फाइल मी दुसरी केलेली नाही.

पाचगणीचा अर्ज मेधाताईंनी मागे घेतला.

राहिलं माझं ‘नो रेकॉर्ड’चं पत्र. ते चुकीचं होतं आणि लेटरहेडवर होतं. मी जोसेफ सरांकडे दुसरं पत्र नेलं.

“गलती हुई, ऐसा रायटिंग में देगा? कंपनी के नाम पे?”

“मेरे नाम पे. लेटरहेड कंपनी का.”

त्यांनी वाचलं. “ये किसके नाम पे है? क्लायंट तो मेधा मॅडम है.”

“गलत बात किसी और को बताई थी, सर.”

त्यांनी शिक्का दिला.

पत्र इंग्रजीत होतं, ईराच्या नावाने. आमचा आधीचा अहवाल चुकीचा होता. शोध चुकीच्या काउंटीत घेतला गेला. तुमच्या वडिलांनी सांगितलं होतं ते खरं होतं, आणि त्यांनी ते वेळेत करून ठेवलं होतं. खाली माझी सही. सॉरी हा शब्द त्यात नव्हता. ऑफिसच्या पत्रात तो कसा घालायचा हे मला सुचलं नाही, आणि तोंडी म्हणणं मला तेव्हाही जमलं नाही.

तिने पत्र सोफ्यावर बसून वाचलं. दोनदा. “ओके,” म्हणाली. मग घडी घालून पाउचमध्ये ठेवलं, कात्रीशेजारी.

आता ती मेट्रोने एकटी शाळेत जाते. अजून इंग्रजीतच उत्तर देते.

‘नो रेकॉर्ड’ हे शब्द मी त्यानंतर लिहिलेले नाहीत. कुठे शोधलं, कसं शोधलं, तिथे काय सापडलं नाही, एवढंच लिहितो. दाखल्यावरचे सगळे रकाने शेवटपर्यंत वाचतो. आणि घरी मुलगा कानात हेडफोन घालून बसलेला असला, तरी तो ऐकतोय असं धरूनच बोलतो.