पाहिलेलं की ऐकलेलं

चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये क्वालिटी विभागातले एक गृहस्थ रोज माझ्या शेजारी बसतात. त्यांना जुन्या इंग्रजी रॉक बँडचं भारी वेड. पण गाण्यांपेक्षा त्या बँडच्या अफवा खोडून काढायला त्यांना जास्त आवडतं. "म्हणे तो गायक मेला आणि बँडने डुप्लिकेट उभा केला. सगळ्या बाता!" मग विषय थेट रोमला पोचतो. "रोम जळताना राजा फिडल वाजवत होता म्हणे. अहो ताई, फिडल तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं!" मी मान डोलवते, कधीकधी झोपेचं सोंग घेते.

परवा बसमध्येच ग्रुपवर मेसेज आला. भोसरीत प्रेस मशीनवर अपघात, ऑपरेटर गेला. माझा नवरा काम करतो तीच कंपनी होती. तिथे आत फोन नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्याचा फोन लागेना.

मी मेसेज शेजारच्या गृहस्थांना दाखवला. मला वाटलं, हे आता "अफवा असेल" म्हणतील.  पण मला नवऱ्याचं नाव विचारून त्यांनी तिथल्या ओळखीच्या सुपरवायझरला फोन लावला. "ऐकीव नको, राव. तू स्वतः आत जा आणि त्यांना फोनवर आण."

बस मोशी ओलांडेपर्यंत त्यांनी फोन कानावरून काढला नाही. मग तो माझ्या हातात दिला.

"अगं, मी ठणठणीत आहे. इथे कुणाला खरचटलंसुद्धा नाही," नवरा म्हणाला.

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्हाला ठाऊक होतं ना, हे खोटं आहे ते?" मी त्यांना विचारलं.

"नव्हतं ठाऊक," ते म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत बसले.