टाकीवरचा पत्रू

पत्रू गोंडपिपरीकडून शहरात आला तो नदीकाठची पाण्याची टाकी बांधायला. डोक्यावर चुन्याची घमेली वाहिली. टाकी उभी झाली, तिच्या पायाशी पाणी चढवायचं इंजिन बसलं, तेव्हा साहेबानं त्यालाच तिथं ठेवून घेतलं. रोज पहाटे इंजिन सुरू करायचं, टाकी भरली की व्हॉल फिरवायचा, मग शहराच्या नळांना पाणी. अठ्ठावीस वर्षं हेच. इंजिनाच्या त्या दगडी खोलीत हळूहळू त्याचे कान गेले. लोकांच्या ओठांवरून तो अंदाज बांधून बोले. बायको भागीरथा सोडली, तर हे कोणाला ठाऊक नव्हतं.

१९५७ साली शहराच्या दुसऱ्या टोकाला विजेच्या मोटारीची नवी टाकी झाली. जुनीचे लोखंडी पत्रे गंजून गळत होते. जुन्या माणसांना नव्या जागी घ्यायचं ठरलं, पण आधी नागपूरचा साहेब पारखणार होता. भागीरथेनं आठ दिवस पत्रूला समोर बसवलं.

"तुमी साहेबाच्या तोंडाकडं पाह्यत राहा. नाई समजलं त 'होय साहेब' म्हणा."

साहेब भला होता. नाव, गाव, काम, पत्रूनं सगळं बरोबर सांगितलं. मग साहेब उठून खिडकीशी गेला आणि नदीकडं पाहत काहीतरी बोलला. पत्रू त्याच्या पाठीकडं पाहत राहिला. जरा वेळानं म्हणाला, "होय साहेब."

साहेबानं विचारलं होतं, नवी टाकी भरली की घंटा वाजते, ती तुला किती लांबून ऐकू येईल?

शिपाई पत्रूच्या कानाशी येऊन ओरडला, "पत्रूभाऊ, घंटाच आयकू येत नाई त कसं जमन?"

पावसाआधी जुनी टाकी पाडायला घेतली. पत्रे ओढून पाडायच्या दोरावर माणूस कमी पडला, मुकादमानं पत्रूला बोलवायला पोरगा पाठवला. पत्रू गेला. पत्रा खाली आदळला की बाकीचे कान झाकत. पत्रूला तळपायात हादरा तेवढा कळे. चार दिवस त्यानं दोर धरला.

राहती खोलीही टाकीचीच होती. ती सोडून दोघं भागीरथेच्या भावाकडं गावी गेली. भावानं पत्रूला धानाच्या राखणीला बसवलं. पाठीमागून डुकरं शिरली तरी त्याला पत्ता नसे. दुसऱ्या वर्षी मेहुण्यानं राखणीला दुसरा माणूस ठेवला. भागीरथा रोवणीला, चिखलात धानाची रोपं लावायला, जाऊ लागली. पत्रू ओसरीत बसून असे. कोणी त्याच्याशी बोलेनासं झालं, आणि पुढं पुढं तोही कोणाच्या तोंडाकडं पाहीना.