सोडा म्हणेपर्यंत

“हात काढू नको!” मी फाटकातूनच ओरडले.

ती मान वर न करता म्हणाली, “काढतच नाही मी. तुमी या लवकर.”

घाटंजीपासून आत, कापसाच्या शेतांना लागून असलेला बंजारा तांडा. भर दुपारची वेळ. ओसरीत भिंतीला टेकून एक म्हातारा बसलेला. त्याचा सदरा उजव्या बाजूनं रक्तानं पार भिजला होता. शेजारी त्याची मुलगी गुडघ्यांवर बसून त्याच्या मानेवर एक हात दाबून होती. हाताखाली कापडाची घडी होती. कापूस वेचताना बाया कमरेला ओटी बांधतात, तीच तिनं सोडून लावली होती. शेतातून येऊन बापाला नळीनं पेज द्यायला बसली आणि तेवढ्यात रक्ताची चिळकांडी उडाली.

मी सरकारी ॲम्ब्युलन्सवर डॉक्टर आहे. आजार बरा करणं हे आमचं काम नाही. माणूस जिवंत असताना उचलायचा आणि जिवंत असतानाच पोचवायचा, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. माझ्यासोबत असतात शकीलभाई. आमच्या नोकरीत ड्रायव्हरला पायलट म्हणतात आणि शकीलभाईंना ते मनापासून पटलेलं आहे. गाडी चालवताना ते विमानात असल्यासारखेच बसतात.

म्हाताऱ्याचं नाव किसन राठोड, मुलीचं वनिता. तिला पुसदकडं दिली होती, पण बापाला कॅन्सर निघाल्यापासून ती इथंच होती. जन्मभर खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, खाल्ल्यानं झालेला तोंडाचा कॅन्सर. नागपूरला ऑपरेशन झालं, जिभेचा मोठा भाग गेला, बोलणं बंद झालं. मग रेडिएशन, ज्याला आपल्याकडे लोक ‘शेक’ म्हणतात. शेकानं कॅन्सर मरतो, पण आजूबाजूची कातडी आणि रक्तवाहिन्याही कच्च्या होतात. अशी एखादी रक्तवाहिनी कधी तरी अचानक फुटते. मानेतली फुटली तर हातात फार वेळ नसतो. पेशंट घरच्यांच्या डोळ्यांदेखत जातो. मी असे पाहिले आहेत.

हा गेला नव्हता, आणि का गेला नव्हता ते समोर दिसत होतं.

पण तिथं वेगळंच भांडण चाललेलं. तांड्याचा नाईक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, हळदीची वाटी घेऊन उभा होता. पांढरा फेटा, चढलेला आवाज. नाईकाचा शब्द तांड्यात कुणी मोडत नाही. लग्न असो की तंटा, त्यानं म्हटलं की झालं.

“डॉक्टरीनबाई, तुमी समजवा इले. हळद भरली असती तं कवाचंच रक्त थांबलं असतं. कवाचा म्हणून राह्यलो, हात उचल, हात उचल. आयकतच नाही!”

वनिता म्हणाली, “नाईकबा, तुमच्या पाया पडते. पन हात नाही उचलत.”

“पाहू तं दे थांबलं का नाही!”

“नाही पाहाचं. नागपूरच्या सिस्टरनं सांगतलं हाये. दाबाचं अन् पाहाचं नाही. ऑपरेशनवाले डॉक्टर सोड म्हनतीन तवाच सोडाचं.”

हे वाक्य आम्हीही सांगतो. अपघात असो, विळ्यानं कापलेलं असो, सगळ्यांना सांगतो. माणूस दाबतो, पण थोड्या वेळानं त्याला राहवत नाही. थांबलं का म्हणून तो उचलून बघतो. जमत आलेली रक्ताची गुठळी निघते आणि रक्त पुन्हा उसळतं. न बघता दाबून धरणारा माणूस मला तोवर भेटला नव्हता. आणि इथं तर भोवती अख्खा तांडा ‘उचल’ म्हणत होता.

मी ग्लोव्ह्ज चढवले आणि म्हणाले, “शाब्बास. आता मी धरते. तू सरक.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. “तुमी ऑपरेशनवाल्या हाव का?”

“नाही.”

“मंग नाही.”

मला रागच आला. डॉक्टर मी की ही? पण तोंड उघडण्याआधी मी तिच्या बोटांकडे नीट पाहिलं. बोटांखालून थेंबही येत नव्हता. फुटलेली जागा तिला बरोब्बर सापडली होती. हात बदलताना ती जागा माझ्याकडून हुकली असती, तर पुन्हा शोधेपर्यंत म्हातारा संपला असता. मी राग गिळला. ठरवलं, हा हात इथून हलणार नाही. आता हातासकट पेशंट न्यायचा.

नाईकाच्या हातातली वाटी मी काढून घेतली आणि सलाइनची बाटली दिली. “काका, ही उंच धरा. खाली येऊ द्यायची नाही.” त्यांनी ती झेंड्यासारखी धरली. तेवढ्यात मी सुई लावली, रक्त थांबायला मदत करणारं इंजेक्शन दिलं. नाडी बारीक लागत होती आणि पळत होती.

उचलणं सगळ्यात अवघड होतं. ओसरीच्या खांबांमधून स्ट्रेचर आणि वनिता दोन्ही बाहेर निघेनात. शेवटी शकीलभाईंनी आणि तांड्यातल्या गड्यांनी म्हाताऱ्याला चादरीत उचललं. वनिता कमरेत वाकून, पाय घासत, मानेवरचा हात तसाच ठेवून सोबत चालली. गाडीच्या पायरीवर ती अडखळली. मागून दोन बायांनी तिला कमरेला धरून वर उचललं. तेव्हाही हात हलला नाही. आत ती स्ट्रेचर आणि बाकाच्या मधल्या फटीत गुडघ्यांवर बसली.

जवळच्या दवाखान्यात थांबून उपयोग नव्हता. मानेतली रक्तवाहिनी बांधायला सर्जन लागतो, भूलतज्ज्ञ लागतो, थिएटर लागतं. ते यवतमाळला. मी तिथल्या सर्जनना फोन लावला.

“पेशंट स्टेबल आहे?”

“नाही सर.”

“ब्लीडिंग चालू आहे?”

“नाही सर.”

“मग नक्की काय आहे?”

“सर, मानेवर मुलीचा हात आहे. तो काढला की चालू होईल.”

मग ते म्हणाले, “बरं. तो हात तसाच घेऊन या. मी थिएटर उघडून ठेवतो.”

घाटंजीला नेमका बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर दुकानं मांडलेली. शकीलभाईंनी सायरन बंद केला आणि माइकवरून नुसतं सांगितलं, “भाऊ, ताई, गाडीत मुलीनं बापाची मान धरून ठेवली हाये. धक्का नाही लागला पायजे.” मी काचेतून पाहत होते. लोक खाली अंथरलेली भाजीची फडकी चारी कोपऱ्यांनी धरून उचलत होते. गाडी बाजारातून तेल ओतावं तशी सरकली.

पुढं रस्ता खराब. शकीलभाई प्रत्येक वेळी आधी ओरडून सांगत. “ब्रेकर!” की आम्ही दोघी अंग घट्ट करायचो. “खड्डा, डावीकडून!” की पुन्हा.

निम्म्या वाटेवर तिचा दंड थरथरायला लागला.

“मॅडम, माही बोटं मले समजून नाही राह्यली. हायेत का तिथंच?”

“आहेत. तिथंच आहेत.”

“पाहा बरं. मी नाही पाहत.”

तिच्या कोपराखाली मी ब्लँकेटची गुंडाळी सारली. मग तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि जोर माझ्या खांद्यातून दिला. जागा तिची, ताकद माझी. गार पडला होता तिचा हात. आम्ही दोघी तोंडासमोर तोंड आणून, एकमेकींचा श्वास लागेल इतक्या जवळ वाकून बसलो होतो.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं मोकळा हात उचलला. मला वाटलं झटका येतो आहे. पण त्यानं बोटानं तिच्या कोपरावर हळूच दोनदा टकटक केलं. डोळे तिच्याकडं.

ती आपल्या बोलीत म्हणाली, “कोनी, बापू. कोनी.” कोनी म्हणजे नाही, एवढं मला तांड्यांवर फिरून कळतं.

“काय म्हणतात गं?”

“हात दुखते का म्हून इचारून राह्यला.”

मी बरीच वर्षं या गाडीवर आहे. रडायचं नसतं आणि मी रडत नाही. त्या दिवशी मात्र चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या आणि पुसायला हात मोकळा नव्हता. अंगातलं रक्त जमिनीवर सांडलेल्या माणसाला पोरीच्या हाताची काळजी होती. मी त्या दोघांपुढं अगदी लहान होऊन बसले होते. मला त्याची लाजही वाटली नाही.

यवतमाळला कॅज्युअल्टीच्या दारात ड्युटीवरचा तरुण डॉक्टर पुढं आला. “ताई, सोडा, आम्ही बघतो.”

“तुमी ऑपरेशनवाले हाव का?”

मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, “वाद घालू नको. मी घालून बसले आहे.”

थिएटरच्या सिस्टरनं तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर पट्टी गुंडाळली. म्हाताऱ्याच्या मानेसोबत तिचा हातही आयोडीननं रंगवला. अंगावर हिरवा गाऊन टाकला. शेतातल्या मातीच्या पायांनी ती तशीच टेबलाशी उभी राहिली. मी दाराच्या काचेतून बघत होते. सर्जन आले, मास्क बांधलेला. त्यांना मी सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हातांत चिमटे तयार धरले आणि म्हणाले, “ताई, ऑपरेशन करणारा मीच. आता सोडा.”

तिनं सोडला नाही, कारण तिला सोडता येईना. बोटं वळून घट्ट झाली होती. सिस्टरनं एकेक बोट उलगडलं. शेवटचं सुटलं तसं रक्त उसळलं, आणि सर्जनचा चिमटा बरोबर तिथं पोचला. नंतर ते मला म्हणाले, “शोधावं लागलंच नाही. तिच्या बोटाचा ठसा होता तिथंच होतं.”

किसन राठोड वाचले. कॅन्सर जिथं होता तिथंच होता, त्याचं पुढं काय ते नागपूरचे डॉक्टर ठरवणार होते. पण ते घरी गेले.

त्याआधी दुसरा एक पेशंट पोचवायला गेले तेव्हा मी वॉर्डात डोकावले. वनिता खाटेला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. तिचा उजवा हात म्हाताऱ्याच्या मांडीवर होता आणि तो खोबरेल तेल लावून तिचं एकेक बोट चोळत होता. मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं, झोपू दे म्हणून.

खाली, खाटेच्या पायाशी नाईक बसले होते. हळू आवाजात म्हणाले, “डॉक्टरीनबाई, तांड्यात माहा शब्द कोणी मोडत नाही. या पोरीनं मोडला.” मग फेटा सारखा करत म्हणाले, “आता तांड्यात सगळ्याईले सांगून राह्यलो मी. दाबाचं अन् पाहाचं नाही.”

नवीन डॉक्टर गाडीवर आले की मी त्यांना बाकी प्रोटोकॉलसोबत हेही शिकवते. जागा ज्याच्या हाताला सापडली असेल, त्याचा हात बदलू नका. त्यावर आपला ठेवा.